पन्नासावा दिवस कोणाच्या भाषेत?

२०२५ सालच्या जूनची आठ तारीख, रविवार. मृग तोंडावर आलेला. मे महिन्यात आगाऊ येऊन गेलेला पाऊस पुन्हा दडी मारून बसलेला. सकाळी आठच्या सुमारास मी लाल काठाची साडी नेसून, काखेत ‘उपासना संगीत’ आणि हातात गुलमोहराची दोन डहाळी घेऊन फाटकाबाहेर पडले, तेव्हा शेजारच्या वहिनी अंगणात सडा टाकीत होत्या. आम्ही तीस वर्षांच्या शेजारणी. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून माझ्याकडे आणि नाताळची करंजी माझ्याकडून त्यांच्याकडे, हा व्यवहार एक वर्षही चुकलेला नाही. माझ्या हातातील फुले पाहून त्यांनी विचारले, “ताई, आज कोणता सण वो तुमचा? नाताळ तं डिसेंबरात असते. हा कोनता इंग्रजायचा सण?”

त्या हसून बोलल्या, मीही हसले. पण रस्ताभर तो शब्द पायात काट्यासारखा सलत राहिला. आणि गंमत अशी, की त्याच रविवारी देवळात आमच्या पंचमंडळींनी जे केले त्यावरून वहिनींचेच म्हणणे खरे ठरावे! हा लेख मी वहिनींवर रागावून लिहीत नाही. लिहिते आहे ती आमच्याच माणसांवर रागावून, आणि शेवटी सांगेन त्याप्रमाणे थोडीबहुत स्वतःवरही.

आधी सण कोणता ते सांगते, कारण या अंकाच्या वाचकांपैकी शंभरातील पंचाण्णवांना तो ठाऊक नसणार. दोष त्यांचा नाही. नाताळला केक असतो, चांदणी असते, सरकारी सुटी असते. शुभ शुक्रवारी सुटी असते. या सणाला काहीच नसते. तो नेहमी रविवारी येतो, त्यामुळे सुटीचाही प्रश्न मिटला. ईस्टरपासून, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या रविवारपासून मोजले की चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, त्याच्या स्वर्गारोहणाचा दिवस येतो आणि पन्नासाव्या दिवशी हा. ग्रीक भाषेत पन्नासाव्याला ‘पेन्टेकॉस्ट’ म्हणतात. आमच्या मराठी शास्त्रात त्याला सरळच ‘पन्नासाव्या दिवसाचा सण’ म्हटले आहे. ईस्टर मागेपुढे सरकते तसा हाही सरकतो. पण कितीही सरकला तरी १० मे ते १३ जून यांच्या बाहेर जात नाही. म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ज्या दिवसांत पारा ४५ च्या घरात असतो, विहिरी तळ दाखवतात आणि शेतकरी रोहिणी-मृगाकडे डोळे लावून बसतो, नेमके ते दिवस. अशा उन्हात कोण सण करणार? निम्मी मंडळी लग्नाला गेलेली असतात, उरलेली कूलरपुढे.

मुळात तो यहूदी लोकांचा सुगीचा सण. वल्हांडणापासून सात आठवडे मोजायचे आणि गव्हाच्या पहिल्या पिकातले देवाला वाहायचे. त्यासाठी दूरदेशी गेलेले यहूदी यरुशलेमेला येत. ख्रिस्त स्वर्गात गेल्यानंतर त्याचे शिष्य एका घरात दहा दिवस वाट पाहत बसले होते. काय येणार हे त्यांना नीटसे ठाऊक नव्हते. येणार एवढेच सांगितलेले होते. पेरणीच्या आधी आमचे शेतकरी बसतात तसेच ते बसले असतील, असे मला नेहमी वाटते. आणि मग त्या सकाळी सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज झाला, प्रत्येकाच्या डोक्यावर अग्नीच्या जिभा दिसल्या, आणि ते परभाषांतून बोलू लागले. बाहेर गर्दी जमली. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपटेम्याचे, मिसरचे, लिबियाकडचे, रोमहून आलेले, क्रेतचे, अरब अशी लांबलचक यादी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात दिली आहे. शब्बाथ शाळेत आम्हाला ती पाठ करावी लागे आणि ‘पंफुल्या’ या नावाशी आले की सगळा वर्ग हसत सुटे. त्या गर्दीतला प्रत्येक जण चकित झाला तो एका गोष्टीने. बोलणारे खेडवळ गालीली, पण ऐकू येते आहे ती ज्याची त्याची जन्मभाषा! काहींनी थट्टाही केली की ही मंडळी सकाळीच ढोसून आली आहेत. त्यावर पेत्राला उभे राहून सांगावे लागले की बाबांनो, आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजले आहेत.

एवढीच कथा. ख्रिस्ती मंडळीचा जन्मदिवस तो हाच मानतात. नाताळ हा ख्रिस्ताचा वाढदिवस, तर पन्नासावा दिवस हा आमचा सगळ्यांचा.

‘इंग्रजांचा सण’ या आक्षेपाला उत्तर देण्यात मी फार वेळ घालवीत नाही. इंग्रजांच्या देशात या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पूर्वी बँकांना सुटी असे. १९७१ साली कायदा करून ती त्यांनी सणापासून तोडली आणि मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारला बांधून टाकली, म्हणजे हवामान बरे असते! आणि मराठीशी नाते विचाराल तर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्याला उतरला आणि पुढे त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. १६१६ साली ते छापले गेले. ज्या इंग्रजाला आपली भाषा बोटीवर ठेवून आमच्या ओवीत बसावेसे वाटले, त्याच्या धर्माचे लोक चारशे वर्षांनी वर्ध्यात बसून ओवी टाकून इंग्रजी उचलतात, याला काय म्हणावे?

कारण त्या रविवारी तेच झाले. एप्रिलमध्ये पंचमंडळींची सभा झाली. माझा भाचा त्यात आहे, हुशार, कामसू, आणि माझ्यावर जीव असलेला मुलगा. त्यानेच ठराव मांडला. पन्नासाव्या दिवसाची मुख्य उपासना यंदा इंग्रजीत व्हावी, गाणी पडद्यावर दाखवावीत, गिटार आणि ड्रम असावेत, आणि मराठी उपासना सकाळी सातला, ‘ज्येष्ठांसाठी’ वेगळी ठेवावी. मी उभी राहून विरोध केला. भाचा म्हणाला, “मावशी, तू भावनेने बोलतेस. मला सांग, आपल्याकडे येते कोण? सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची मुले येतात, त्यात केरळची आहेत, मिझोरमची आहेत, झारखंडची आहेत. नर्सिंगच्या मुली आहेत. आपली स्वतःची मुले इंग्रजी शाळेत आहेत, त्यांना ‘उपासना संगीत’ वाचताच येत नाही. सगळ्यांना कळेल अशी एकच भाषा आहे. सगळ्यांना कळावे हाच तर पेन्टेकॉस्टचा अर्थ!”

युक्तिवाद भक्कम आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली निघाले तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले इकडे येत आली आहेत आणि आमची मंडळी त्यामुळे श्रीमंत झाली आहे. त्यांना परके वाटू नये ही भाच्याची कळकळ खरी आहे. ठराव बहुमताने पास झाला. मी घरी आले, ‘कृत्ये’ पुन्हा उघडले, आणि मला जे दिसले ते ठरावाच्या नेमके उलट होते.

यरुशलेमेला जमलेल्या त्या लोकांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, असे आपण गृहीत धरतो. ते चुकीचे आहे. ते सगळे यहूदी किंवा यहूदी धर्मात आलेले लोक होते, सणाला येऊन बाजारहाट करीत होते, मंदिरात प्रार्थना करीत होते. पूर्वेकडच्यांना अरामी भाषा येत होती, पश्चिमेकडच्यांना ग्रीक. त्या काळी ग्रीक म्हणजे आजची इंग्रजीच समजा. व्यापाराची, सरकारदरबारची, शिकलेल्यांची. नवा करार पुढे ग्रीकमध्येच लिहिला गेला. म्हणजे सगळ्यांना कळेल अशी भाषा हाताशी तयार होती! नुसते ‘कळावे’ एवढाच हेतू असता तर पेत्राने उठून ग्रीकमध्ये भाषण ठोकले असते आणि काम भागले असते. वाऱ्याची गरज नव्हती, अग्नीची तर मुळीच नव्हती. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर तो चमत्कार अगदी अनावश्यक होता. तरीही तो झाला, तो एवढ्यासाठी की देवाला नुसते कळवायचे नव्हते. पंफुल्याच्या माणसाला आईने ज्या भाषेत अंगाई म्हटली त्या भाषेत त्याला ऐकवायचे होते.

बाबेलच्या बुरुजाची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. माणसांनी गर्वाने आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला घेतला आणि देवाने त्यांच्या भाषांचा गोंधळ केला. उपदेशक नेहमी सांगतात की पन्नासाव्या दिवशी तो शाप उलटला. मला हे कधीच पटले नाही. शाप उलटला असता तर सगळ्यांची पुन्हा एक भाषा झाली असती. तशी ती झाली नाही. सगळ्या भाषा होत्या तिथेच राहिल्या आणि प्रत्येकीला मान मिळाला. एकच भाषा, एकच आवाज, एकच उंच बुरूज, ही तर बाबेलची हौस होती. आमच्या ठरावात मला पन्नासावा दिवस दिसेना, तो बुरूजच दिसू लागला.

याच सणाच्या नावाने आणखी एक प्रकार आजकाल बोकाळला आहे, त्याविषयी दोनच शब्द. काही ठिकाणी लोक ‘आत्मा आला’ म्हणून कोणालाच न कळणारे शब्द मोठ्याने उच्चारीत तासन्‌तास ओरडतात आणि जो ओरडत नाही त्याची भक्ती कच्ची ठरवतात. त्यांची श्रद्धा मी मोजत नाही. पण करिंथच्या मंडळीला संत पौलाने लिहिले होते की न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा दुसऱ्याला शिकवणारे, कळणारे पाच शब्द मला बरे वाटतात. हे पत्र आमच्याकडे वाचले जाते, फक्त त्या रविवारी वाचले जात नाही!

या लोकांच्या तोंडी पंडिता रमाबाईंचे नाव फार असते. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात मुलींमध्ये मोठी जागृती झाली. शेकडो मुली एकाच वेळी रडत, ओरडत, प्रार्थना करीत होत्या, आणि तिची बातमी परदेशापर्यंत गेली. ते सगळे खरे आहे. पण त्याच रमाबाईंनी पुढे काय केले, हे कोणी सांगत नाही. आपल्या सदनातल्या अडाणी बाया-मुलींना शास्त्र वाचता यावे म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि जडजंबाल मराठी टाकून सोप्या मराठीत साऱ्या बायबलाचे भाषांतर करायला बसल्या. संस्कृतात पुराण सांगणारी, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेली ही बाई! तिला जड मराठी येत नव्हती असे थोडेच आहे? वर्षानुवर्षे ते काम चालले. मरण जवळ आले तरी मुद्रिते तपासणे सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ साली ते बायबल बाहेर पडले. छापखानाही सदनातल्या स्त्रियाच चालवीत. माझ्या मते केडगावचा खरा पन्नासावा दिवस १९०५ च्या त्या गलबल्यात नाही. तो त्या खिळे जुळवणाऱ्या बायकांच्या बोटांत आहे.

आणि वर्ध्याच्या माणसाने तर हे समजायला केडगावलाही जायला नको. वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिर आहे. या अंकाच्या किती वाचकांनी ते पाहिले असेल कोण जाणे, पण सेवाग्रामला येणाऱ्यांनी तिकडे जरूर वळावे. त्याला कळस नाही, छत नाही, मूर्ती नाही. उघड्या आभाळाखाली नुसत्या उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर ‘गीताई’चे अठरा अध्याय कोरलेले आहेत. १९८० साली ते पुरे झाले. विनोबांच्या आईला संस्कृत येत नव्हते. गीता मराठीत वाचायला हवी, असे तिने मुलाला म्हटले. त्याने आणून दिलेले मराठी भाषांतरही तिला जड गेले. मग तूच का करीत नाहीस, असे ती म्हणाली म्हणतात. १९१८ साली ती माउली गेली. त्यानंतर बारा वर्षांनी, १९३०-३१ मध्ये, मुलाने इथे वर्ध्यातच बसून गीता सोप्या मराठीत उतरविली आणि तिच्या नावातच ‘आई’ ठेवली. मी ख्रिस्ती आहे, गीता हा माझा धर्मग्रंथ नाही. पण त्या शिळांमधून फिरताना मला दर वेळी यरुशलेमेची ती सकाळ आठवते. आईला कळत नाही तर ते मुलाला कळून काय उपयोग, हा विचार दोन्हीकडे एकच आहे.

विदर्भाला हे नवे नाही. महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्याला संस्कृतात बोलू नको म्हणून बजावले होते, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट! आणि नागपूर-वर्धा रस्त्यावर बुटीबोरीच्या अलीकडे-पलीकडे जे टाकळघाट आहे, तिथल्या नाल्याच्या पुरात १८६३ च्या सप्टेंबरात स्टीफन हिस्लॉप वाहून गेला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज पुढे त्याच्याच नावाने निघाले. हा स्कॉटिश पाद्री १८४५ पासून नागपुरात होता. धर्म शिकवीत होता, दगड-जीवाश्म गोळा करीत होता, आणि गोंडांच्या तोंडची गाणी लिहून घेत होता. त्याच्यामागे सापडलेले ते कागद १८६६ साली छापले गेले, त्यात लिंगोचे गाणे मुळातल्या गोंडीत आहे. परदेशी माणसाला गोंडी गाणे उतरवून घेण्याजोगे वाटले. आमच्या उपासनेत आजवर गोंडीचे एक वाक्य उच्चारले गेलेले मी ऐकले नाही, आणि जिल्ह्यात गोंडांची घरे काय कमी आहेत?

इथवर मी पंचमंडळींना चांगलेच झोडपले. आता माझी पाळी.

माझी आजी देवळीकडच्या एका खेड्यात राहत असे. निरक्षर. शेतमजुरी करी. १९७६ साली मी नुकतीच मास्तरीण झाले होते, नवे घड्याळ आणि नवी मराठी दोन्ही मिरवीत सुटीत तिच्याकडे गेले. रविवारी संध्याकाळी अंगणात प्रार्थनासभा होती, नागपूरहून पाहुणे आले होते. दिवस याच सणाच्या मागेपुढचे, आभाळ कोरडे. आजी प्रार्थनेला उभी राहिली. डोक्यावर पदर ओढून, डोळे मिटून ती बोलू लागली: “देवा, तुले तं समदं मालूम हाय. मिरग आला, वावर कोल्लं पडलं हाय. शेजाऱ्याचा बैल लंगडते, त्याच्याकडंबी पाय जरा. माह्या नातीले नोकरी देल्ली, लय चांगलं केलं.” असेच बरेच काही. घरातल्या कोणा थोरल्या माणसाशी बोलावे तसे.

पाहुण्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सभा संपल्यावर मी आजीला घरात नेऊन म्हटले, “आजी, देवाशी असे बोलू नये. ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ अशी सुरुवात करावी. आणि बैलाचे काय काढलेस मध्येच?” आजीने माझ्याकडे पाहिले. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “मले नाई येत बाई तुयासारखं.”

त्यानंतर ती पाच वर्षे जगली. पण चारचौघांत तिने तोंडाने प्रार्थना केलेली मी पुन्हा ऐकली नाही. सभेत तिची पाळी आली की ती मान हलवी आणि शेजारच्या बाईकडे बोट दाखवी. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. उलट, बरे झाले असेच वाटले. देवाने ज्या गालीली मासेमारांच्या जिभेवर अग्नी ठेवला त्यांची बोली राजधानीत हसण्यावारी नेत. ख्रिस्ताला पकडले त्या रात्री शेगडीपाशी शेकत बसलेल्या पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या बोलण्याच्या ढबीवरूनच. म्हणजे तेही एक परीने वऱ्हाडीच होते म्हणा ना! आणि मी, तीन महिन्यांची मास्तरीण, त्यांच्या जातीच्या एका म्हातारीच्या तोंडाला कुलूप लावून मोकळी झाले. भाचा आज इंग्रजीसाठी मराठीला सातच्या उपासनेत ढकलतो आहे. मी शुद्ध मराठीसाठी वऱ्हाडीला उंबऱ्याबाहेर ढकलले. त्याच्यात आणि माझ्यात फरक असलाच तर एका पायरीचा. पुढे चौतीस वर्षे मी शाळेत पोरांच्या ‘मले-तुले’वर लाल शाईने रेघा मारल्या, त्यांचा हिशेब तर वेगळाच.

असो. ८ जूनची ती उपासना झाली. गिटार वाजले, ड्रम वाजले, पडद्यावर इंग्रजी गाणी उमटली. मुले उत्साहाने गात होती, हे मी नाकारत नाही. ‘कृत्ये’चा दुसरा अध्याय इंग्रजीत वाचला गेला. ज्याची त्याची जन्मभाषा ऐकून लोक चकित झाले, हे वाक्य वर्ध्याच्या देवळात इंग्रजीतून ऐकताना माझ्या शेजारी बसलेल्या एका काकूंनी मला हळूच विचारले, “काय म्हणतात?” मी त्यांच्या कानात मराठीत सांगितले. पुढच्या बाकावर नर्सिंगच्या दोन मुली होत्या. त्यातली एक दुसरीला मलयाळममध्ये कुजबुजत काहीतरी समजावीत होती. खरा पन्नासावा दिवस त्या दिवशी बाकांवर, कुजबुजीतच चालू होता.

उपासनेनंतर मी पंचमंडळींना लेखी अर्ज दिला. इंग्रजी बंद करा असे मी त्यात म्हटलेले नाही, ज्यांची ती घरची भाषा असेल त्यांनी खुशाल वाचावी. माझी मागणी एवढीच आहे, की पुढल्या पन्नासाव्या दिवशी एकच उपासना व्हावी, सात आणि नऊ असे तुकडे नकोत. दुसरा अध्याय थोडा थोडा करून मंडळीत जितक्या भाषा आहेत तितक्या भाषांत वाचावा: मलयाळम, मिझो, हिंदी, तमिळ, मराठी, आणि मिळाला वाचणारा तर गोंडीत. नारायण वामन टिळकांचे एखादे भजन टाळ-मृदंगावर व्हावे. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणाऱ्या त्या कवीला पडद्याची गरज नाही. आणि वऱ्हाडीत वाचन व्हावेच व्हावे. अर्जावर ‘विचारार्थ ठेवला’ असा शेरा पडला आहे. भाच्याने तो शेरा मला फोनवर वाचून दाखवला आणि म्हणाला, “मावशी, वाचणार कोण? पाळकसाहेब नगरकडचे. मला वऱ्हाडी समजते, बोलता येत नाही.”

प्रश्न रास्त होता. मीच तो उतारा वऱ्हाडीत लिहायला घेतला. दोन संध्याकाळी खपून पानभर मजकूर केला, वाचून पाहिला, आणि लक्षात आले की चौतीस वर्षे रेघा मारणाऱ्या हाताला वऱ्हाडी उरलेली नाही. वाक्य ‘मले’ने सुरू होई आणि ‘आश्चर्यचकित झाले’वर संपे. शेवटी कागद घेऊन शेजारी गेले. वहिनी आर्वीकडच्या, त्यांच्या तोंडची बोली अस्सल. त्या भाजी निवडीत होत्या. मी वाचू लागले. सोसाट्याचा वारा, अग्नीच्या जिभा, जमलेले लोक. तिसऱ्याच ओळीला त्यांनी हात पुसून कागद माझ्याकडून ओढून घेतला.

“असं कोनी म्हनते का वो ताई? ‘चकित’ काय? ‘लोकायले तं इचितर वाटलं’ असं लिवा. आन् हा पेत्र कोन? माह्यासंगं नीट सांगा पयले, मंग मी सांगतो काय लिवाचं ते.”

मी पाटावर बसले आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले.